अजून किती पावसाळे?

जुने घर विकत घ्यायचे असो, बँकेकडे तारण ठेवायचे असो की भावाभावांत वाटून घ्यायचे असो, छपराकडे बोट दाखवून एक प्रश्न हटकून विचारला जातो: हे अजून किती वर्षे काढील? गोव्यातल्या पेडणे आणि डिचोली या तालुक्यांत चिऱ्याच्या भिंतींवर मंगळुरी कौलांची पाखी अजूनही वाड्यावाड्यावर दिसतात, आणि तिथे या प्रश्नाची ठरलेली उत्तरे तयार असतात. कौले शंभर वर्षे, पत्रे वीस, स्लॅब कायमचा. ऐकणाऱ्यालाही असा आकडाच हवा असतो, कारण आकडा व्यवहारात मांडता येतो. पण हे आकडे भलत्याच गोष्टीचे वय सांगतात. छप्पर म्हणजे कौले, रिपा, वासे, खिळे, आढे आणि पन्हळी यांचा जमाव. त्यातल्या प्रत्येकाचे वय वेगळे, आणि जो सर्वांत आधी जातो तो बाकीच्यांना घेऊन जातो. तो वेळीच बदलला, तर बाकीचे पिढ्यान्‌पिढ्या चालतात. म्हणून छप्पर पारखताना दोनच गोष्टी खरोखर महत्त्वाच्या: सध्या सर्वांत कमजोर भाग कोणता, आणि तो बदलायला वर कोण चढणार.

कौलाची घडणच हे सांगते. मंगळुरी कौल यायच्या आधी या भागात कुंभाराचे नळे असत. चाकावर निमुळती नळी ओढायची, ओली असतानाच उभी चिरायची आणि भाजायची. डिचोलीची कुंभारकी आजही नावाजलेली आहे. तशाच हातांनी ही छपरे झाकली. पण नळे एकमेकांत अडकत नाहीत, नुसते एकमेकांवर टेकतात. मांजर धावले, कावळा बसला, वारा घुसला की सरकतात. म्हणून दर मे महिन्यात अख्खे छप्पर परतावे लागे. एकमेकांत खाचेने गुंतणाऱ्या कौलाचे पेटंट आल्सेसमधल्या गिलार्डोनी बंधूंनी 1841 मध्ये घेतले, आणि त्या जातीचे कौल भारतात आणले ते बासेल मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्ट यांनी. त्यांचा कारखाना 1865 मध्ये मंगळुरात नेत्रावतीच्या काठी उभा राहिला. या कौलाच्या पाठीला रिपेवर अडकणारी नाके असतात आणि कडांना पाणी अडवणाऱ्या खाचा. चुना नाही, खिळा नाही. ते स्वतःच्या वजनाने बसते. त्यामुळे शेजारच्या कौलांना धक्का न लावता हवे ते एक कौल उचलता येते, खालची रीप बघता येते आणि कौल परत बसवता येते. हे छप्पर मुळात उघडण्यासाठीच केलेले आहे, आणि जे उघडले जात नाही ते आपल्या रचनेविरुद्ध वापरले जाते.

'शंभर वर्षांचे कौल' हा दाखला इथेच लंगडा पडतो. जुन्या घरावर कारखान्याचा शिक्का असलेली कौले सापडतात हे खरे. पण आपल्याला दिसतात ती उरलेली छपरे. कोसळलेली मोजायला कुणी थांबत नाही. आणि उरलेल्यांतही मूळचे किती आहे हे पाहिले, तर वय आणखी घसरते. डिचोली तालुक्यातल्या नार्व्याचे सप्तकोटेश्वर देवालय घ्या. शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये त्याचा जीर्णोद्धार केला, आणि मधल्या घुमटाभोवती उतरती कौलारू पाखी ही त्याची ओळख आहे. 1668 मध्ये मंगळुरी कौल नव्हतेच; तेव्हा आज दिसणारे छप्पर साडेतीनशे वर्षांचे असणे शक्य नाही. ते पुनःपुन्हा उतरवले आणि चढवले गेले, आणि अगदी अलीकडे सरकारी जीर्णोद्धारानंतर फेब्रुवारी 2023 मध्ये देवालय पुन्हा खुले झाले. टिकले ते बांधकामाचे रूप, आणि ते टिकवणारी माणसे. पेडण्याच्या देशप्रभूंच्या वाड्यासारख्या चौकाचौकांच्या वास्तूत तर हे अधिकच लागू पडते. जिथे दोन पाखी मिळतात तिथल्या पन्हळीतून दोन्हींचे पाणी एकदम धावते, त्यामुळे सगळे छप्पर शाबूत असताना ती एकटी आधी जाते. चौक जितके जास्त, तितक्या पन्हळी जास्त.

आता पाणी किती, हे मनात आणून पाहावे. गोव्यात वर्षाला सरासरी 3,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. म्हणजे शंभर चौरस मीटर जमीन झाकणाऱ्या छपरावरून चार महिन्यांत तीन लाख लिटरच्या घरात पाणी वाहून जाते. चौरस मीटरला साधारण पंधरा कौले, एकेक दोन ते तीन किलोचे. शंभर चौरस मीटर पाख्यावर पावणेचार टन भार कोरडाच असतो. बरे भाजलेले कौलही भिजून वजनाच्या सहाव्या-सातव्या हिश्शापर्यंत पाणी पिऊ शकते, म्हणजे ऐन पावसात आणखी अर्धा टन. हा भार कौलाला जड नाही, लाकडाला आहे. कौलाची परीक्षा सोपी: बोटाच्या पेराने वाजवले की नीट भाजलेले खणखणते, कच्चे किंवा चिरलेले बद्द बोलते. पण फुटके कौल पाच मिनिटांत बदलता येते. छपराचे भवितव्य त्यात नसते.

ते असते वळचणीत. वासा भिंतीवरच्या आडव्या लाकडावर टेकतो, तिथून पुढे हातभर बाहेर निघतो, आणि तिथे त्याला तिन्ही बाजूंनी पाणी भेटते: पागोळ्यांचे, वाऱ्याने उडालेल्या झडीचे आणि भिंतीतून चढणाऱ्या ओलीचे. जाणता मेस्त आधी कौलांकडे पाहतच नाही. तो शिडी लावतो आणि वाशाचे टोक बोचकतो. साधा डिसमिस पुरतो. निरोगी माटीच्या किंवा किंदळाच्या लाकडात त्याचे टोक रुतत नाही, नुसता ओरखडा उठतो. कुजलेल्यात ते बोटभर शिरते आणि लाकूड दोऱ्यांऐवजी चौकोनी तुकड्यांत सुटते. मग तो आत माळ्यावर जातो. वाशावरून उतरलेला काळा ओघळ, त्याची पांढुरकी कडा, रिपेखाली पडलेले पिठासारखे बारीक चूर्ण, भिंतीवरून चढत गेलेली वाळवीची मातीची नळी: ही सगळी नोंदवही तिथे उघडी असते. लाकडात ओल विसेक टक्क्यांच्या वर सतत राहिली तरच बुरशी ते खाते. कौलारू छपराच्या फटींतून वारा खेळतो, त्यामुळे ऑक्टोबरपासून लाकूड सुकू लागते. वर्षाचे आठ महिने सुकलेले लाकूड चार महिने भिजले तरी टिकते. खालून प्लास्टर ऑफ पॅरिसचे तक्तपोशीवजा छत ठोकले, की वारा थांबतो आणि नोंदवहीही बंद होते. पूर्वी चुलीच्या धुराने काळवंडलेल्या वाशांना कीड सहसा शिवत नसे. गॅस आल्यावर तो आयता बंदोबस्त गेला. आढे मध्ये बसलेले दिसले म्हणून मात्र लगेच घाबरू नये. लाकूड भाराखाली हळूहळू वाकतेच, आणि पन्नास वर्षांपूर्वी वाकून स्थिर झालेले आढे पुढेही चालते. कौलांच्या खाचा तिथे नव्याने सुटल्या आहेत का, हे पाहायचे.

तालुका बदलला की उत्तरही बदलते. पेडण्यात केरी, हरमल, मांद्रे, मोरजी या किनाऱ्यावर लाकडाआधी खिळा मरतो. खारी हवा त्याला गंजवते, गंज फुगतो, आणि माटीसारख्या टॅनिन असलेल्या लाकडात खिळ्याभोवती काळे वर्तुळ उमटते. रीप निरोगी दिसत असली तरी धरलेली नसते. डिचोलीकडे समुद्र दूर, पण घाटाकडे सरकताना पाऊस वाढतो आणि झाडे घरावर झुकलेली असतात. पानांचा चोथा आणि खाणपट्ट्यातल्या रस्त्यांलगत उडणारी तांबडी धूळ कौलांच्या खाचांत बसते. पाणी तुंबून उलटे आत शिरते, आणि दोष बिचाऱ्या कौलाला लागतो. 15-16 मे 2021 रोजी तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा राज्यभर झाडे कोसळली आणि छपरे उडाली. वजनानेच बसलेल्या कौलाला तसल्या वाऱ्यापुढे वय विचारण्यात अर्थ नव्हता.

यावर पहिला आक्षेप पत्र्यावाल्यांचा: एवढी उठाठेव कशाला, पत्रे घाला आणि वीस वर्षे विसरा. हिशेब करून पाहू. साध्या जस्तलेपी पत्र्यावर दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला 120 ग्रॅम जस्त असेल, तर एका बाजूला साठ ग्रॅम, म्हणजे जेमतेम साडेआठ मायक्रॉनचा थर. आयएसओ 9223 या मानकात हवेची गंजवण्याची ताकद वर्गवार दिली आहे: तिसऱ्या वर्गाच्या हवेत जस्त वर्षाला 0.7 ते 2.1 मायक्रॉन झिजते, चौथ्यात 2.1 ते 4.2. किनारा या चौथ्या वर्गात धरला, तर तिथे तो थर दोन ते चार वर्षांत संपतो. आतल्या भागात तिसरा धरला, तर चार ते बारा वर्षे चालतो. त्यावर रंगाचा थर असेल, लेप 275 ग्रॅमचा किंवा अॅल्युमिनियममिश्रित असेल, तर आयुष्य कितीतरी वाढते, हे मान्य. पण मग वीस हा आकडा पत्र्याचा उरत नाही. तो लेपाचा, जागेचा आणि स्क्रूखालच्या रबरी चकतीचा होतो. ती चकती उन्हाने आधी तडकते. पत्रा विसरता येतो असे वाटते, कारण तो विसरल्याची शिक्षा उशिरा आणि एकदम मिळते.

स्लॅबचे प्रकरण जास्त गंभीर आहे, कारण त्याच्या कायमपणावर शिकलेल्यांचाही विश्वास असतो. सळई वाचते ती भोवतालच्या काँक्रीटच्या अल्कधर्मी आवरणाने. हवेतला कार्बन डायऑक्साइड ते आवरण आतल्या दिशेने निष्प्रभ करत जातो, आणि त्याची खोली काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. साध्या भाषेत, आवरण निम्मे पडले तर वेळ चौथाई उरतो. आयएस 456 हे मानक मध्यम हवेत 30 आणि समुद्राच्या उघड्या हवेत 45 मिलिमीटर आवरण मागते. घरगुती बांधकामात सळईखाली ठोकळे न ठेवता स्लॅब ओतला आणि आवरण पंधरावर आले, तर काय होईल हे सांगायला ज्योतिषी नको. त्यात क्षार शिरले तर सळई याच्याही आधी गंजू लागते. गोव्यात गळक्या स्लॅबवर पत्र्याचे किंवा कौलांचे दुसरे छप्पर चढवलेले जागोजागी दिसते. स्लॅब टाकाऊ आहे असे नव्हे. फुटकी कौले बदलतात तशी त्यातली गंजकी सळई बदलता येत नाही, एवढाच फरक, आणि तो मोठा आहे.

खरा अवघड आक्षेप तिसरा आहे, आणि त्याला पुरते उत्तर नाही. कौलारू छपराची सगळी किमया वर चढणाऱ्या माणसावर अवलंबून, आणि तो माणूसच मिळेनासा झाला आहे. कौले परतणारे म्हातारे झाले. त्यांच्या मुलांनी दुसरी कामे धरली. त्यात माकडे: एक टोळी सकाळी पाख्यावरून गेली की दहा-वीस कौले फुटतात, आणि आज बदललेली उद्या पुन्हा. कौले उतरवून पत्रे घालणाऱ्याला नावे ठेवणे म्हणूनच अन्यायाचे होते. शिवाय मालकीचा गुंता आहे. गोव्यात 1870 पासून लागू झालेल्या पोर्तुगीज नागरी संहितेने मुलगे आणि मुली दोघांनाही वाटा दिला. ही तिची मोठी देणगी. पण तिसऱ्या पिढीला एका छपराचे वीस वारस होतात, काही पणजीत, काही मुंबईत, काही लंडनला, आणि पन्हळ बदलायचा खर्च कोणाच्या वाट्याचा, हे ठरेपर्यंत दोन पावसाळे उलटतात. बंद घरात गळतीचा थेंब कुणाच्या कानावर पडत नाही. अशा घराची कौले कितीही उत्तम असली, तरी त्याचे छप्पर शेजारच्या वापरातल्या घरापेक्षा खूप आधी जाते. इथे पत्रा अधिक शहाणपणाचा ठरू शकतो, आणि तसे पारखणाऱ्याने स्पष्ट सांगावे. लोखंडी पाइपांच्या सांगाड्यावर कौले बसवण्याची सध्याची रीत वाळवी आणि वाशांचा प्रश्न मिटवते. पण किनाऱ्यावर त्या पाइपांना रंग कोण देणार, हा प्रश्न मागे उरतोच.

मग घर घेणाऱ्याला काय लिहून द्यावे? एक आकडा नको, भागवार तारखा द्याव्यात. उदाहरणार्थ, उत्तरेकडच्या वळचणीचे चार वासे बदलायचे ते येत्या मेपूर्वी. मधली पन्हळ दोन पावसाळ्यांत. पोफळीच्या रिपा काढून लाकडी घालायच्या त्या पाच वर्षांत, पाख्यापाख्याने. माटीचे मुख्य वासे आणि तुळया निरोगी, दर वर्षी टोके बोचकून पाहावीत. कौले राहू द्यावीत आणि फुटीसाठी त्याच शिक्क्याची शंभरेक कौले पडवीत रचून ठेवावीत, कारण दुसऱ्या कारखान्याच्या खाचा जुळतीलच असे नाही. हे वेळापत्रक झाले, भाकीत नव्हे, अशी तक्रार बँकेचा माणूस करील. करू दे. कागदाच्या तळाशी त्याने एक ओळ अवश्य मागून घ्यावी: यातले पहिले काम कोण करणार, आणि तो मेस्त कोणत्या गावचा.