भजनाला कोणती स्टाईल लावायची?

ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे लेखी रूप. माझं 'म्हणजे, म्हणजे' तेवढं कापलंय.

झालं असं, की आमच्या मंद्रूपच्या भजनी मंडळाचे पखवाजवाले हात मोडून घरी बसले आणि एकादशी चार दिवसांवर आली. चुलत्यांचा फोन. "तू कम्प्युटरचा इंजिनिअर ना? मग वाजव की त्याच्यावर." मी 'बँड-इन-अ-बॉक्स' उघडलं. १९९० साली आलेलं सॉफ्टवेअर आहे हे. कॉर्ड टाइप करायचे, स्टाईल निवडायची, की बेस, ड्रम, पियानो ते स्वतःच रचून वाजवतं. मी नाव बघून एक हळुवार बॅलड लावली. तालमीत दुसऱ्याच चरणाला चुलते थांबले. "बाळा, हे मधेच का खडखडतंय?"

ते खडखडणं म्हणजे ड्रमची फिल. स्टाईलचे ए आणि बी असे दोन भाग असतात आणि भागाची खूण लावली की तिच्या आधीच्या बारमध्ये फिल येते. मी डोळे झाकून दर आठ बारला खुणा लावलेल्या, अभंगाची ओळ भलतीकडेच संपत होती. खुणा चरणाच्या शेवटी नेल्या. अर्धा त्रास तिथेच गेला.

उरलेला अर्धा नावावर भुलल्याचा. स्टाईलचं नाव नंतर वाचा, आधी मात्रा मोजा. भजनी ठेका ८ मात्रांचा, तो ४/४ मध्ये नीट बसतो. दादऱ्याच्या ६ मात्रांना लोक सर्रास ३/४ चा वॉल्ट्झ लावतात. हिशेब जुळतो, पण वॉल्ट्झचा बेस दर तीन ठोक्यांनी तेवढाच जोर देतो आणि दादऱ्याच्या चौथ्या मात्रेला तर खाली असते. त्यापेक्षा ६/८ ची शोधा. रूपकाचं विचारूच नका. ७ च्या स्टाईल आधीच कमी, त्यात मिळाली तर तिचा किक पहिल्या ठोक्यावर दणकतो, आणि रूपकाची समच खालीवर! तिथे मी स्टाईलचे ड्रम बंद करून ठेका वेगळा रेकॉर्ड करतो.

आता कॉर्ड. आमचा एक अभंग वृंदावनी सारंगात आहे. ह्या रागात ग आणि ध नाहीत. पांढरी एकचा सा धरून तुम्ही साधा सी मेजर टाकलात, की स्टाईलमधला पियानो बिनदिक्कत ग वाजवणार. चुलत्यांना कॉर्ड कळत नाही, पण चेहरा लगेच वाकडा होतो. म्हणून तिथे सी५ टाका, म्हणजे फक्त सा आणि प. यामाहाच्या कीबोर्डवर हाच प्रकार १+५ नावाने मिळतो. बी फ्लॅट मेजर आणि जी मायनर मात्र बिनधास्त वापरा, त्यांचे सगळे स्वर रागातलेच आहेत. जॅझच्या स्टाईल टाळा. साध्या कॉर्डला त्या बऱ्याचदा आपणहून जादा स्वर चिकटवतात, मग सी५ टाकूनही उपयोग नाही.

शेवटी मी पियानो काढला, ड्रम काढले. फक्त स्ट्रिंग्ज, हलका बेस आणि पखवाजाचा रेकॉर्ड केलेला ठेका ठेवला. एक गोष्ट मात्र जमली नाही. गजराला मंडळाची लय चढत जाते आणि फाईल जिथल्या तिथेच राहते. तेव्हा गजर आला की मी लॅपटॉप बंद केला. टाळ होतेच.