पाय न टेकता

मोटारसायकलची शर्यत म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? सुसाट वेग, कानठळ्या बसवणारा आवाज आणि जिवावर उदार झालेली पोरं! मैत्रिणींनो, मलाही तसंच वाटायचं. पण एक प्रकार असा आहे की ज्यात वेगाला फारसं कुणी विचारत नाही. त्याचं नाव ट्रायल. ओढ्यातले दगड, चिखलाचा चढ, झाडांची उघडी मुळं अशा जागी थोडं अंतर दोन्ही बाजूंनी खुणा लावून आखायचं. त्याला म्हणतात सेक्शन. त्यातून गाडी काढायची, तीही फूटरेस्टवर उभं राहून आणि पाय जमिनीला न टेकता. पाय एकदा टेकला की एक गुण, दोनदा टेकला की दोन, त्यापुढे कितीही वेळा टेकला तरी तीन. पडलात किंवा खुणेबाहेर गेलात तर पाच. आणि गंमत अशी, की हे गुण मिळवायचे नसतात, टाळायचे असतात. ज्याचे सगळ्यात कमी, तो पहिला.

हे मला कळलं ते एका एकोणसत्तर वर्षांच्या बाईंमुळे.

माझी धाकटी बहीण इंग्लंडात यॉर्कशायरला असते. २०२४ साली मे-जून असे दोन महिने मी तिच्याकडे राहिले. शेजारच्या बाई एकट्याच. रोज सकाळी त्यांच्या गॅरेजमधून खुडबुड ऐकू यायची. एक दिवस न राहवून मी डोकावले, तर समोर चक्क बुलेट! माझ्या वडिलांकडे बुलेट होती, त्यामुळे तो आकार मी लांबूनही ओळखला असता. फक्त ही जरा कष्टाळू बाईसारखी अंगावर काही न ठेवलेली. एवढीशी सीट, छोटी टाकी, रुंद हँडल, आणि पाण्यात बुडू नये म्हणून वर घेतलेला सायलेन्सर.

"ही तर आमची गाडी!" मी म्हटलं.

"आधी आमची होती," बाई हसत म्हणाल्या.

खरंच होतं त्यांचं. आपल्याकडे बुलेट म्हणजे रुबाब, फौजदार, पाटील! पण तिची पहिली परीक्षा चिखलात झाली. १९४८ च्या फेब्रुवारीत इंग्लंडमधल्या कोलमोर ट्रायलमध्ये नव्या बुलेटचे नमुने उतरवले होते. त्या काळी बहुतेक गाड्यांचं मागचं चाक फ्रेमला पक्कं असायचं, या गाडीचं मात्र स्प्रिंगवर खालीवर होणारं. पुढे जॉनी ब्रिटन नावाच्या स्वाराने १९५२ आणि १९५७ साली स्कॉटलंडची सहा दिवसांची ट्रायल रॉयल एनफिल्डवर जिंकली. १९५५ पासून बुलेट आपल्या मद्रासला बनू लागली. इंग्लंडमध्ये ती बनायची थांबली, इथे चालूच राहिली, आणि १९७७ पासून तर मद्रासची बुलेट उलटी इंग्लंडला जाऊ लागली. बाईंच्या टेबलावर सुट्या भागांची एक पिशवी होती, तिच्यावर 'मेड इन इंडिया' छापलेलं. माहेरचं कुणी भेटावं तसं वाटलं मला!

ही बुलेट त्यांच्या यजमानांची. ते तीस वर्षं दर रविवारी ट्रायलला जायचे आणि बाई सोबत. काय करायच्या? ऑब्झर्व्हर म्हणून बसायच्या. प्रत्येक सेक्शनपाशी एक माणूस कार्ड घेऊन बसतो आणि येणाऱ्या प्रत्येकाचे पाय मोजतो. बिनपगारी काम. पाऊस असो, थंडी असो, थर्मास आणि छत्री घेऊन बसायचं. असे लोक मिळाले नाहीत तर ट्रायल होतच नाही. (हे वाचताना तुम्हाला हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात सतरंज्या घालणाऱ्या बायका आठवल्या असतील, तर मलाही आठवल्या.)

२०१५ साली यजमान गेले. गाडीवर ताडपत्री पडली. वर्षभराने मुलगा म्हणाला, "आई, विकून टाकू. जागा अडते आणि किंमतही चांगली येईल." एक माणूस बघायलाही आला. बाई मला म्हणाल्या, "तो गाडीभोवती फिरून मुलाशीच बोलत होता. मी तिथेच उभी होते. कार्ब्युरेटरबद्दल त्याने जे विचारलं, त्याचं उत्तर मुलाला येत नव्हतं, मला येत होतं. तीस वर्षं हेच तर ऐकत होते मी." त्यांनी त्या माणसाला चहा दिला आणि परत पाठवलं. तेव्हा त्यांचं वय होतं एकसष्ट.

मग शिकल्या. बुलेट त्यांना पेलेना, जड गाडी ती. म्हणून त्यांनी एक जुनी बीएसए बँटम घेतली. एकशे पंचाहत्तर सीसीची, हलकी, टू स्ट्रोक. म्हणजे आपल्या लुनासारखं पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं. बुलेटची देखभाल करतात, पुतण्या ती चालवतो, आणि स्वतः बँटमवर!

त्यांच्या गॅरेजमध्ये मी दोन महिने अक्षरशः पडीक होते. पहिल्यांदा कळलं ते पान्यांचं. या जुन्या ब्रिटिश गाड्यांचे नट आपल्या मिलिमीटरच्या मापाचे नसतात. जवळपासचा पाना लावून जोर केला की नटाच्या कडा झिजतात आणि मग तो कशानेच निघत नाही. त्यामुळे पान्यांचा वेगळा संच, प्रत्येकाला खुंटी. दुसरं हवेचं. आपल्या बुलेटच्या मागच्या चाकात तीसेक पौंड हवा भरतात ना? इथे पाच-सहा! टायर पिठाच्या गोळ्यासारखा दगडावर बसला पाहिजे, तरच पकडतो. पण इतक्या कमी हवेत टायर रिमवर फिरतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटून काढतो. म्हणून आतून टायर आवळून धरणारा एक बोल्ट लावतात.

स्पोक तपासायची रीत तर मला फारच आवडली. चाक हळूहळू फिरवत प्रत्येक तारेवर पाना टक्कन वाजवायचा. घट्ट असेल ती खणकते, सैल असेल ती बद्द वाजते. माठ घेताना आपण वाजवून बघतो, तस्संच. पॉइंटमधली फट मिलिमीटरच्या चार दशांशांएवढी. ती पत्रीच्या गेजने मोजायची, डोळ्यांनी नाही. एअर फिल्टर धुऊन, वाळवून, तेलात भिजवून पिळायचा. ट्रायलहून आल्यावर पेट्रोलचा कॉक बंद करून कार्ब्युरेटरमधलं उरलेलं जळून जाऊ द्यायचं, कारण २०२१ पासून तिकडच्या साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं आणि जुन्या रबरी नळ्यांना ते सोसत नाही. आपल्याकडे तर प्रमाण वीसवर गेलंय. घरात जुनी गाडी असेल तर तिच्या नळ्यांकडे एकदा नजर टाका बरं का.

"बायकांनी हे कधीपासून सुरू केलं?" मी विचारलं, तर बाईंनी मलाच उलट सुनावलं. १९२७ सालच्या आंतरराष्ट्रीय सहा दिवसांच्या ट्रायलमध्ये मार्जोरी कॉटल आणि तिच्या दोन साथीदारणींनी ब्रिटनला चषक मिळवून दिला होता. ओल्गा केव्हेलॉस या बाईंनी १९४९ आणि १९५३ साली त्याच स्पर्धेत सुवर्णपदकं घेतली. आणि अलीकडची स्पेनची लाइया सांझ, ती तर महिला ट्रायलमध्ये तेरा वेळा जगज्जेती!

जूनमधल्या एका रविवारी बाईंच्या क्लबची ट्रायल होती, एका शेतकऱ्याच्या रानात. दहा सेक्शन, चार फेऱ्या. ऐनवेळी एक ऑब्झर्व्हर आला नाही. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तुला मोजता येतं ना?" आणि माझ्या हातात कार्ड, पेन्सिल! साडीवर बहिणीचा रेनकोट आणि पायात गमबूट अशा थाटात मी ओढ्याकाठी बसले. पहिल्या दहा मिनिटांत कळलं, हे काम वाटतं तितकं सोपं नाही. गाडीकडे बघायचं नाही, फक्त पायांकडे. माणसं धडपडतात, हसतात, "थँक यू" म्हणून पुढे जातात. बहुतेकांचे केस पिकलेले.

तिसऱ्या फेरीला बाई आल्या. ओढा छान पार केला. वळण घेऊन चढाला लागल्या, इंजिनाचा आवाज अगदी बारीक, फट्... फट्... फट्... वर पोचता पोचता ओल्या मुळावर पुढचं चाक घसरलं आणि डावा पाय खाली गेला. गेला म्हणजे काय, टाचेने गवताला शिवलं इतकंच. दुसऱ्या कुणाला दिसलंही नसतं. त्या सुटून वर गेल्या. माझी पेन्सिल कार्डावर थांबली. वर्षानुवर्षं बचत गटाचे हिशेब बघतेय मी, आपल्या माणसाच्या नावापुढे आकडा लिहिताना हात कसा जड होतो ते ठाऊक आहे मला. पण लिहिला. एक.

फेरी संपल्यावर बाई गाडी ढकलत माझ्यापाशी आल्या, हेल्मेट काढलं, चेहऱ्यावर चिखलाचे शिंतोडे.

"एक मारलास ना?"

"मारला."

"बरं झालं. नाहीतर कार्ड काढून घेतलं असतं तुझं."

दिवसअखेर त्यांच्या नावावर तेवीस गुण होते आणि त्यांच्या गटातल्या अकरा जणांत त्या सातव्या आल्या. घरी परतताना त्यांनी निकालाचा विषयसुद्धा काढला नाही. क्लचची केबल आत कुठेतरी अडकतेय, उद्या सकाळी ती काढून तेल सोडू, आणि तू जुने कपडे घालून ये, असं मात्र दोनदा बजावलं.