आधी सोड, मग ये

दवाखान्याचा उंबरठा : लेखांक सातवा

मागच्या आठवड्यात आपण रुग्णाच्या नकाराबद्दल बोललो. सज्ञान माणूस शुद्धीवर असेल तर त्याच्या संमतीशिवाय त्याच्यावर शस्त्रक्रिया करता येत नाही, हे समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००८ साली स्पष्ट केलं. आज दुसरी बाजू घेऊ. डॉक्टर नकार देऊ शकतो का? आणि तोही रुग्ण काय पितो, काय चघळतो, कोणाचं ऐकतो, एवढ्याच कारणावरून?

बोईसरला एमआयडीसीतली जनरल शिफ्ट सुटली की दवाखाने भरायला लागतात. बाकावर बसलेल्यांत पायाची जखम महिनाभर न भरलेला, साखर वाढलेला एखादा कंत्राटी कामगार असतोच. डॉक्टर पट्टी सोडतात, जखमेची कड दाबून बघतात. तेवढ्यात शर्टाच्या खिशातलं विडीचं बंडल दिसतं. मग ठरलेलं वाक्य येतं, “किती वेळा सांगायचं तुला? आधी सोड, मग ये.”

या वाक्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी असू शकतात आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

पहिली गोष्ट वैद्यकीय. निकोटिनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात, जखमेला रक्त कमी पोचतं, ती भरत नाही. ठरवून करायच्या शस्त्रक्रियेआधी किमान चार आठवडे धूम्रपान सोडलं तर नंतरची गुंतागुंत कमी होते, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. त्यामुळे हर्नियाचं ऑपरेशन महिनाभर पुढे ढकलणारा सर्जन रुग्णाला नाकारत नसतो, त्याच्या भल्याची वेळ निवडत असतो. दुसरी गोष्ट मात्र शिक्षा. तू ऐकत नाहीस, मग मी का हात लावू? पायाची जखम थांबत नाही. आज ड्रेसिंग झालं नाही तर महिन्याभरात विडी सुटेल की नाही सांगता येत नाही, पण बोट जाईल, कदाचित पाऊलही. तिथे “आधी सोड” ही अट औषधाची राहत नाही.

हा पेच आपल्याकडचाच नाही. इंग्लंडमध्ये यॉर्क भागातल्या सरकारी आरोग्य यंत्रणेनं २०१६मध्ये ठरवलं की लठ्ठ माणसांची तातडीची नसलेली ऑपरेशनं वजन उतरेपर्यंत, जास्तीत जास्त वर्षभर, आणि धूम्रपान करणाऱ्यांची सहा महिन्यांपर्यंत पुढे ढकलायची. पैसा अपुरा पडत होता, हे त्यामागचं उघड कारण. इतकी टीका झाली की वरिष्ठ यंत्रणेला मध्ये पडावं लागलं. यकृत प्रत्यारोपणात दारू सोडून सहा महिने झालेले असावेत, अशी अट अनेक केंद्रांनी वर्षानुवर्षं पाळली. २०११मध्ये फ्रान्स आणि बेल्जियममधल्या डॉक्टरांनी काळजीपूर्वक निवडलेल्या रुग्णांवर त्याआधीच प्रत्यारोपण केलं आणि त्यातले बरेच जगले. तेव्हापासून सहा महिने हा आकडा विज्ञानातून आला की रागातून, हा वाद सुरू आहे. यकृतं मोजकी असतात, म्हणून तिथे निवड करावीच लागते. ड्रेसिंगचा कापूस मोजका नसतो.

आपल्याकडचा नियम काय म्हणतो? २००२ची वैद्यकीय आचारसंहिता आजही लागू आहे. तिच्यानुसार दाराशी आलेला प्रत्येक रुग्ण घ्यायला डॉक्टर बांधील नाही. पण मनमानी नकार देता येत नाही. आजार आपल्या अनुभवाबाहेरचा असेल तर दुसऱ्याकडे पाठवायचं. तातडीची हाक आली तर धावायचं. आणि एकदा रुग्ण हाती घेतला की त्याला व घरच्यांना पुरेशी आधी कल्पना दिल्याशिवाय सोडायचं नाही. परमानंद कटारा खटल्यात १९८९ साली सर्वोच्च न्यायालयानं सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरवर जीव वाचवण्याची जबाबदारी टाकली. एचआयव्हीबाधितांना उपचार नाकारणं २०१७च्या कायद्यानं गुन्हा नसलं तरी स्पष्टपणे निषिद्ध भेदभाव ठरवलं. त्याआधी “हा आजार याला कशानं झाला असेल” याचा मनातल्या मनात निवाडा करून किती जणांना ऑपरेशनच्या टेबलावरून परत पाठवलं गेलं, हे त्या काळात काम केलेल्या कोणालाही विचारा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या ऑगस्ट २०२३च्या नव्या नियमावलीत शिवीगाळ किंवा मारहाण करणाऱ्यांना नाकारण्याची मुभा होती. ती नियमावली त्याच महिन्यात स्थगित झाली. मुभा होती ती हिंसेपुरती, सवयीपुरती नव्हे.

गर्भपातासाठी आलेल्या बाईला “आधी नसबंदीला तयार हो” म्हणणं हाही याच घराण्यातला नकार. १९७१च्या कायद्यात अशी अट कुठेही नाही. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची सहीसुद्धा लागत नाही.

आता मला खरी सलते ती गोष्ट. आपण ज्याला रुग्णाची निवड म्हणतो, ती किती त्याची असते?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८च्या निर्देशांकात देशातल्या औद्योगिक वसाहतींमध्ये बोईसरजवळचं तारापूर सर्वात वर होतं, ९३.६९ गुणांसह. रसायनं, रंग, औषधं, कापड असे नाना कारखाने तिथे आहेत. तिथला कामगार खोकत आला की केसपेपरवर ‘स्मोकर’ लिहिलं जातं. कोणत्या प्लँटमध्ये, कोणत्या रसायनाच्या ड्रमशेजारी तो बारा तास उभा असतो, हे क्वचितच लिहिलं जातं. बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्यानं १७०० साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला आणि रुग्णाला विचारायच्या प्रश्नांत एकाची भर घाला म्हणून सांगितलं : तू काम काय करतोस? सव्वातीनशे वर्षांनीही तो प्रश्न आपल्याकडे रांगेत मागेच राहतो. विडी विचारायला सोपी. ती रुग्णाच्या माथी मारता येते. ड्रमबद्दल विचारलं तर उत्तर कंपनीला द्यावं लागेल.

आणि नकार सगळ्यांच्या वाट्याला सारखा येत नाही. रक्तदाब वाढलेला, रोज रात्री दोन पेग घेणारा मॅनेजर आला की तेच डॉक्टर म्हणतात, “सर, जरा कमी करता आलं तर बघा.” ताडी पिऊन आलेल्या वारल्याला म्हणतात, “परत ढोसून आलास? नीघ.” यकृत दोघांचंही सारखंच सुजलेलं असतं. उपचार नाकारण्याचा खरा निकष आजार असता तर हा फरक दिसला नसता.

मशेरीचं घ्या. तंबाखू भाजून केलेली ही काळी पूड दातांना लावणाऱ्या बायका पालघरच्या पाड्यांवर आणि कोळीवाड्यांत सगळीकडे भेटतात. ती निरुपद्रवी मुळीच नाही. मुंबईत १,२१७ गरोदर बायकांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमनं कमी भरलं. जिथे बाळ आधीच दोन-सव्वादोन किलोचं, तिथे शंभर ग्रॅम ही थोडीथोडकी गोष्ट नव्हे. म्हणून सिस्टरनं सांगितलंच पाहिजे, पुन्हा पुन्हा सांगितलं पाहिजे. पण मशेरीनं भूक मरते, म्हणूनही ती लावली जाते, हे ऐकून घेतल्याशिवाय दिलेला सल्ला त्या बाईपर्यंत पोचत नाही. आणि रागावून हाकललं तर एकच होतं : पुढच्या तपासणीला ती मशेरी सोडून येत नाही, मशेरी लपवून येते. किंवा येतच नाही.

हे लपवणं जीवावर बेततं. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दुखत नाही, सूज येत नाही, पहाटे पोटात कळा येतात आणि पापण्या जड होतात. घरचे आधी भगताकडे नेतात. मग सूर्य वर आल्यावर दवाखान्यात. तिथे पहिला प्रश्न येतो, “भगताकडे गेला होतात ना?” ज्यांनी हा आवाज एकदा ऐकलाय ते पुढच्या वेळी खोटी वेळ सांगतात : आत्ताच चावला, साहेब. आता डॉक्टर समजतो की वीस मिनिटं झाली, प्रत्यक्षात सहा तास झालेले असतात. श्वास कधी बंद पडेल याचा अंदाजच चुकतो. डहाणूत आयसीएमआरच्या ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्रानं सर्पदंशावर काम करताना भगतांना शत्रू मानलं नाही. त्यांना प्रशिक्षणात घेतलं, रुग्ण लवकर पुढे पाठवायला शिकवलं. मला हा शहाणपणा फार मोलाचा वाटतो. रुग्ण ज्याच्याकडे विश्वासानं जातो त्याला तोडून रुग्ण मिळत नाही.

जव्हार-मोखाड्यात आणखी एक निवड दिसते. तीव्र कुपोषित मूल दाखल करायला सांगितलं की आई नाही म्हणते, किंवा तिसऱ्या दिवशी मूल पाठीशी बांधून निघून जाते. रजिस्टरवर शेरा पडतो, ‘पालकांचा नकार’. पुन्हा आली की, “तेव्हा पळालीस ना, आता कशाला आलीस?” पण लावणीचे दिवस असतात, किंवा दिवाळीनंतर वीटभट्टीवर निघायचं असतं, उचल घेतलेली असते, घरी दुसरी दोन पोरं असतात. हे सरकारलाही माहीत आहे. १९९५पासूनच्या नवसंजीवनी योजनेत म्हणूनच मूल दवाखान्यात असेपर्यंत आईला बुडीत मजुरी देण्याची तरतूद आली. म्हणजे नकार तिच्या स्वभावातून नव्हे, रोजंदारीतून येतो, हे शासनानं कागदावर मान्य केलेलं आहे. ती मजुरी हातात वेळेवर पडली की कितीतरी ‘नकार’ आपोआप मागे घेतले जातात.

अंतराचाही विचार करा. मुंबईत एका डॉक्टरनं नाही म्हटलं तर पुढच्या गल्लीत दुसरा आहे. बोईसरला एका दवाखान्यात नाही जमलं तर लोकल पकडून मुंबई गाठता येते, मजुरी बुडवून का होईना. मोखाड्याच्या आडपाड्यावर प्राथमिक आरोग्य केंद्रातला एक डॉक्टर म्हणजे सगळं वैद्यकशास्त्र. त्यापुढे जव्हारचं पतंगशाह कुटीर रुग्णालय, आणि त्यापुढे थेट नाशिक. तलासरी-डहाणूचे लोक सिल्वासा, वलसाड गाठतात, राज्य ओलांडून. डॉक्टरला रुग्ण निवडण्याचं स्वातंत्र्य आहे असं आचारसंहिता म्हणते, तेव्हा तिच्या नजरेसमोर दुसरा डॉक्टर असतो. जिथे तो नाही तिथे ते स्वातंत्र्य वापरता येत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

मार्च २०२५मध्ये पुण्यात घडलेलं अजून सगळ्यांच्या लक्षात आहे. सात महिन्यांची गरोदर बाई दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात आली. दहा लाख रुपये अनामत मागितल्याचा आरोप घरच्यांनी केला. दुसऱ्या रुग्णालयात जुळ्या मुली जन्मल्या आणि काही दिवसांतच ती गेली. पैशाच्या मागणीवर भरपूर लिहून झालं, आणि तातडीच्या रुग्णाकडून अनामत घेणार नाही असं रुग्णालयानं नंतर जाहीरही केलं. मला बोलायचंय ते त्यांच्या अंतर्गत समितीच्या अहवालाबद्दल. गर्भधारणा धोक्याची आहे, मूल दत्तक घ्या, असा सल्ला तिला पूर्वीच दिला होता, आणि ती तपासण्यांना आली नव्हती, असं त्यात मांडलं गेलं. राज्य महिला आयोगाच्या अध्यक्षांनी ही खासगी माहिती उघड करण्यावर आक्षेप घेतला, तो रास्तच होता. पण समजा, सल्ला दिला होता आणि तिनं मानला नाही. मग काय? आई व्हायचं तिनं ठरवलं, तो तिचा हक्क होता. त्या दिवशी दारात जोखमीची गर्भवती होती. दोन वर्षांपूर्वीचा सल्ला तिच्या उपचारांची किंमत ठरवू शकत नाही.

डॉक्टरांची बाजू मी हलकी मानत नाही. न ऐकणारा रुग्ण दगावला की जमाव डॉक्टरच्याच अंगावर येतो. डॉक्टरांवरचे हल्ले रोखण्यासाठी राज्यानं २०१० साली कायदा केला, तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली, तरी रात्रपाळीला एकटा असलेला वैद्यकीय अधिकारी कायद्याच्या भरवशावर बसू शकत नाही. टीबीच्या गोळ्यांचा यकृतावर ताण येतो, त्यात रुग्ण दारू सोडत नाही, कावीळ झाली तर नाव डॉक्टरचं. ही भीती खरी आहे. पण टीबीचा रुग्ण परत पाठवला तर त्याच्या खोलीत झोपणारे आणखी सहा कामगार आजारी पडतील. म्हणून तिथे मार्ग एकच : यकृताच्या तपासण्या वारंवार, गोळ्या चालू, दारूवरचा उपचार सोबत, आणि दिलेला सल्ला केसपेपरवर तारखेसह लिहिलेला. तो लिहिलेला सल्ला डॉक्टरचं रक्षण करतो. नकार करत नाही.

वाचकांनी काय करावं? उपचार नाकारले गेले तर कारण लेखी मागा. पुढे कुठे जायचं याची संदर्भ चिठ्ठी मागा, तिच्यावर आत्तापर्यंत दिलेली औषधं लिहून घ्या. अर्ज केल्यावर ७२ तासांत कागदपत्रं देणं डॉक्टरला बंधनकारक आहे. तक्रार महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे करता येते. चिठ्ठी न देता “दुसरीकडे जा” म्हणणं हे नियमात बसत नाही, एवढं तरी शांतपणे सांगता आलं पाहिजे.

पुढच्या लेखांकात याहून अवघड दार. लग्नाचा खर्च परवडत नाही म्हणून विधी न करताच संसार मांडणारी जोडपी वारली पाड्यांवर अनेक आहेत. त्यातली सतरा वर्षांची मुलगी गरोदर राहून दवाखान्यात आली, तर २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार डॉक्टरला पोलिसांना कळवावंच लागतं. नवरा तुरुंगात जाईल या धास्तीनं ती घरीच बाळंत होते. तिथे डॉक्टरनं नकार दिलेला नसतो, तरी उपचार मिळत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२२मध्ये यातली एक गाठ थोडी सैल केली. कितपत, ते पुढच्या आठवड्यात पाहू.