गाडीतलं गाणं मध्येच का थांबतं?

खड्डा आला की आवाज जातो, पुढच्या खड्ड्यात परत येतो. अशा वेळी नवा स्टिरिओ घ्यायची घाई करू नका. आधी बॅलन्स आणि फेडर फिरवून पाहा: एकच स्पीकर बंद होतो की सगळे?

एकच असेल तर संशय दाराच्या बिजागरीवर. तिथल्या रबरी नळीतली वायर दार उघडता-मिटताना वाकत राहते. आतली तांब्याची तार तुटते, आवरण मात्र शाबूत दिसतं. गाणं लावून दार हलवा, खरखर ऐकू येईल.

सगळेच गप्प होत असतील तर कारण जास्त रंजक आहे. बहुतेक स्टिरिओंत स्पीकरच्या दोन्ही वायरींवर सुमारे ६ व्होल्ट असतात. त्यातली एखादी सोललेली वायर गाडीच्या पत्र्याला टेकली, तर अँप्लिफायरची चिप जळू नये म्हणून स्वतःच बंद होते. बिघाड एका दारात, शांतता सगळ्या गाडीत! म्हणूनच स्पीकरची उणे वायर बॉडीला जोडणं घातक. स्टिरिओची स्वतःची अर्थिंगची वायर मात्र रंग खरवडून, गंज काढून पत्र्याला घट्ट कसायला हवी. कोकणातल्या दमट हवेत तर ती अधूनमधून तपासावीच.