लाकडी नंदी आणि मातीची भुलाबाई

वर्धा जिल्ह्यातल्या मुलांच्या हाती पावसाळा सरता सरता दोन खेळणी येतात आणि ती दोन्ही सणांच्या निमित्ताने येतात. बैलपोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, तान्हा पोळा भरतो. त्या दिवशी चार चाकांवर उभे केलेले लाकडी नंदी झूल, बेगड आणि माळा घालून तोरणाखाली आणले जातात, आणि नंतर मुले दोरी ओढत घरोघरी जाऊन बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैसे, मागतात. सेलू तालुक्यातल्या सिंदी रेल्वे या गावाचा तान्हा पोळा तर त्याच्या भल्यामोठ्या नंदींमुळे दूरवर प्रसिद्ध आहे. पुढे भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत महिनाभर भुलाबाई बसते. ज्वारीच्या धांड्यांच्या मखरात भुलाबाई आणि भुलोजी यांच्या मातीच्या मूर्ती मांडून मुली संध्याकाळी गाणी म्हणतात आणि शेवटी झाकलेला डबा हलवून, त्याच्या आवाजावरून आतला खाऊ कोणता ते ओळखतात. नंदी परंपरेने मुलांचा आणि भुलाबाई मुलींची, ही वाटणी कोणी लिहून ठेवलेली नाही, तरी गावातल्या चार वर्षांच्या मुलालाही ती ठाऊक असते.

या दोन खेळण्यांत मोठ्यांच्या जगातले काय उतरले आहे आणि काय उतरलेले नाही, हे पाहण्यासारखे आहे. वर्धा हा कापसाचा जिल्हा. त्याच्या शेतात वखरणी आणि डवरणी बैलांच्या बळावर होते आणि कासरा बहुधा पुरुषाच्या हाती असतो; निंदण आणि कापसाची वेचणी मात्र मुख्यतः बायका करतात, वाकून, उन्हात, दिवसभर. यांपैकी बैलाच्या कामाचे खेळणे झाले, त्याला सण मिळाला, बक्षिसे मिळाली. वेचणीचे खेळणे कोणी घडवले नाही आणि निंदणाला तोरण नाही. मुलींच्या वाट्याला जे खेळणे आले त्यात बाईचे शेतातले काम नाहीच; भुलाबाईची गाणी सासर-माहेर, सासू, नणंद आणि दीर यांच्याभोवती फिरतात, त्यामुळे सात वर्षांची मुलगी अजून न पाहिलेल्या सासरची तक्रार सुरात शिकते. या गाण्यांनी बायकांच्या मनातला सल पिढ्यान्‌पिढ्या जपला, हे त्यांचे मोल कमी नाही. पण ज्या श्रमावर जिल्ह्याचे पीक उभे आहे तो श्रम खेळात दिसत नसेल, तर मुलाच्या मनातल्या ‘शेतकरी’ या शब्दाला पुरुषाचाच चेहरा येतो.

हा चेहरा मनात कसा तयार होतो, याचा शोध मानसशास्त्र गेली सहा दशके घेत आहे. त्यासाठी लिंग आणि लिंगभाव यांतला फरक आधी लक्षात घ्यावा लागतो: लिंग ही शरीराची बाब आहे, तर लिंगभाव म्हणजे बाईने कसे असावे आणि पुरुषाने कसे असावे याविषयी समाजाने बांधलेली समजूत. लॉरेन्स कोलबर्ग यांनी १९६६ मध्ये मांडले की मूल दोन-तीन वर्षांचे होईपर्यंत आपण मुलगा की मुलगी हे सांगू लागते, परंतु कपडे किंवा खेळ बदलला तरी हे बदलत नाही, ही समज त्याला सहा-सात वर्षांच्या सुमारास येते. मधल्या काळात मुलाला असे वाटू शकते की केस वाढवले तर मुलगा मुलगी होईल, आणि म्हणूनच त्या वयातली मुले नियमांबाबत मोठ्यांपेक्षा कडक असतात. सँड्रा बेम यांनी १९८१ मध्ये त्यापुढे जाऊन ‘लिंगभाव-आराखडा’ ही कल्पना मांडली. आराखडा म्हणजे मनातली कप्प्यांची मांडणी. नवी वस्तू दिसली की मूल ती ‘आपली’ की ‘त्यांची’ हे आधी ठरवते आणि त्या कप्प्यानुसार तिच्याकडे लक्ष देते किंवा पाठ फिरवते.

मराठीत तर हे कप्पे व्याकरणातच आहेत. ‘मी आलो’ म्हणायचे की ‘मी आले’, किंवा या भागातल्या बोलीप्रमाणे ‘मी आली’, हे ठरवल्याशिवाय मुलाला अंगणातून घरात आल्याचेही सांगता येत नाही.

आराखड्याची ताकद दाखवणारा १९८६ मधला एक प्रयोग अतिशय साधा होता. संशोधकांनी चार ते नऊ वर्षांच्या मुलांसमोर, त्या मुलांनी कधी न पाहिलेल्या वस्तू पेट्यांत ठेवल्या, आणि काही वस्तू मुलांच्या, काही मुलींच्या, काही दोघांच्या, असे केवळ सांगितले. मुलांनी आपल्या मानल्या गेलेल्या वस्तू अधिक हाताळल्या, आणि आठवडाभराने विचारल्यावर त्यांचाच तपशील त्यांना अधिक आठवला. वस्तूत काहीच बदलले नव्हते. एका शब्दाने कुतूहल कमी केले आणि कुतूहलाबरोबर ज्ञानही. खेळण्यांच्या दुकानातल्या गुलाबी आणि निळ्या खोक्यांकडे या निष्कर्षाच्या उजेडात पाहिले पाहिजे, कारण ठोकळे जोडण्यासारख्या खेळांतून वाढणारी आकार आणि अवकाश यांची जाण सरावाने सुधारते, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. जिला ठोकळे मिळालेच नाहीत, तिचा तो सराव हुकतो.

सगळेच शिकवलेले असते, असेही म्हणता येत नाही. गर्भावस्थेत पुरुषी संप्रेरकांचा, म्हणजे शरीरातल्या रासायनिक संदेशवाहकांचा, अधिक संपर्क आलेल्या मुली गाड्यांसारख्या खेळण्यांकडे सरासरीने जास्त वळतात, असे आढळले आहे. परंतु हा कल सरासरीचा आहे, एकेका मुलीचे भविष्य त्यावरून सांगता येत नाही. अमेरिकेत २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच वर्षांच्या मुली ‘अतिशय हुशार’ माणूस म्हणून आपल्यासारख्या बाईकडे मुलांइतक्याच सहज बोट दाखवत होत्या, आणि सहा-सात वर्षांच्या मुली ते कमी वेळा करत होत्या. एका वर्षातला हा फरक शरीराच्या जडणघडणीने उलगडत नाही.

गोष्टींचे काम खेळण्यांपेक्षा गुंतागुंतीचे आहे. चिमणी-कावळ्याच्या गोष्टीत शेणाचे घर वाहून गेलेला कावळा दारात भिजत उभा असतो, आणि चिमणी बाळाच्या आंघोळीत, तीटपावडरीत गुंतलेली असते; घर नीट ठेवणारी ती आणि बेफिकीर तो, ही विभागणी नामाच्या लिंगाबरोबरच मुलाच्या कानात जाते. याच मातीतली भोपळ्यात बसून जंगल पार करणारी म्हातारी मात्र एकटी लेकीकडे जाते, वाघाला शब्दांत गुंगवते आणि परत येते. तरीही चांगली गोष्ट सांगितली की काम झाले, असे नाही. ऑस्ट्रेलियातल्या ब्रॉनविन डेव्हिस यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, राजपुत्राला वाचवणाऱ्या आणि शेवटी त्याला नाकारणाऱ्या राजकन्येची गोष्ट लहान मुलांना वाचून दाखवली, तेव्हा अनेकांना तिचे शौर्य दिसलेच नाही. तिने आधी अंग धुऊन चांगले कपडे घालायला हवे होते, असे त्यांना वाटले. जुना आराखडा नव्या गोष्टीलाही आपल्या मापाने कापून घेतो.

म्हणून केवळ सांगण्यापेक्षा हातांनी करण्याला महत्त्व येते, आणि या बाबतीत वर्ध्याजवळ मोठा अनुभव साठलेला आहे. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीमची, म्हणजे हाताच्या कामातून शिकवण्याची, योजना पुढे आली, झाकिर हुसेन समितीने तिचा अभ्यासक्रम आखला, आणि सेवाग्राममध्ये आशादेवी व आर्यनायकम यांनी ती प्रत्यक्षात आणली. सूत कातणे हे देशाच्या बहुतेक भागांत बाईचे काम होते. या योजनेने टकळी मुलाच्याही हाती दिली आणि तिच्यातूनच त्याला गणित शिकवले. वरच्या इयत्तांत मुलींसाठी गृहविज्ञानाची वेगळी वाट ठेवण्याचा जुना विचार त्या अभ्यासक्रमातही होता, आणि ती त्याची उणीवच म्हटली पाहिजे. परंतु सेवाग्रामच्या आवारात २००५ पासून चालणाऱ्या आनंद निकेतन शाळेत स्वयंपाक, सफाई, शेती आणि कताई ही कामे मुलगे आणि मुली दोघेही करतात. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात आई-वडील मिळून भाजी निवडताना दाखवले, तेव्हा त्याची राज्यभर चर्चा झाली. सेवाग्रामच्या मुलांना तो रोजचा पाठ आहे.

तान्ह्या पोळ्यात आता मुलीही नंदी ओढतात आणि त्यांचे कौतुक होते. भुलाबाईपुढे बसून खाऊ ओळखणाऱ्या मुलग्याचे मात्र अजून तसे कौतुक होत नाही. जगभरच्या निरीक्षणांतही हेच दिसते की मुलीने मुलाचे खेळणे घेतले तर ते सहज खपते, पण मुलाने मुलीचे घेतले की सोबती चिडवतात आणि विशेषतः वडील अडवतात. यामागे मुलीचे ते कमी प्रतीचे, हा न बोललेला हिशेब आहे, आणि चिडवणाऱ्या मुलाला तो पाठ असतो. डबा हलवून आतला आवाज शेंगदाण्यांचा की चिरमुऱ्यांचा हे ओळखायला मात्र कोणत्याही मुलाचे कान पुरतात.