रिसीव्हर किती वॅटचा घ्यायचा?

नाशिकमध्ये होम थिएटर बसवून द्यायचा धंदा सुरू करताय? मग गंगापूर रोडच्या फ्लॅटमधलं गिऱ्हाईक पहिलं हेच विचारणार, "किती वॅटचा?" खोक्यावरचा मोठा आकडा बऱ्याचदा एकच चॅनल चालवून, १ किलोहर्ट्झवर मोजलेला असतो. कोटेशनमध्ये दोन चॅनल, २० ते २०,००० हर्ट्झवाला आकडा लिहा. तो लहान दिसेल, दिसू द्या. ७० ऐवजी ९० वॅट घेतले तरी आवाज वाढतो साधारण १ डेसिबल, कानाला जेमतेम जाणवेल! तोच पैसा ३ डेसिबल जास्त सेन्सिटिव्हिटीच्या स्पीकरवर घाला. वॅट दुप्पट केल्याइतका फरक पडतो. मध्यम बजेटला ५.१ पुरे. ४ ओहमचे स्पीकर मात्र स्वस्त रिसीव्हरला जड जातात. आणि टीव्हीवरच्या ॲपचा आवाज एचडीएमआय केबलने रिसीव्हरला यायचा, तर टीव्हीत एआरसी पोर्ट लागतो. ॲडव्हान्स घेण्याआधी तो स्वतः बघून या.