भात घरचं, रॉकेल रंगूनचं

८ मार्च १९४२ रोजी रंगून जपान्यांच्या हाती पडलं आणि त्यानंतरच्या पावसाळ्यापर्यंत सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांतले दिवे लवकर विझू लागले. महाड-पोलादपूरच्या मुलखाने दुसरं महायुद्ध पाहिलं ते असं. तोफेचा आवाज इथवर कधी आला नाही, आकाशातून काही पडलं नाही, रणांगण हजारो मैल दूर होतं. त्यामुळे या भागाच्या इतिहासात युद्धाची वर्षं सहसा दोन ओळींत आटोपतात : काही जवान लढायला गेले, आणि काही दिवस रेशन आलं. ही मांडणी अपुरी आहे असं मला वाटतं. लहान गावाला युद्धाची झळ किती लागते हे ते गाव रणांगणापासून किती मैलांवर आहे यावरून ठरत नाही. गावाच्या बाजारात कोणता माल कुठून येतो, तो कुणाच्या हुकमाने थांबतो आणि थांबला की आधी कुणाच्या घरातून नाहीसा होतो, यावरून ते ठरतं. महाडचा बाजार या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

सावित्रीच्या काठचं महाड हे मुळात व्यापाराचं बंदर. बाणकोटच्या खाडीतून भरतीच्या पाण्यावर मचवे आणि पडाव वर यायचे. घाटमाथ्यावरचा माल वरंध घाटाने आणि महाबळेश्वरकडून पोलादपूरमार्गे खाली उतरायचा. १८८३ साली छापलेल्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्येही महाडची ओळख व्यापारी पेठ अशीच आहे. भोवतालच्या डोंगरातल्या वाड्या या पेठेवर जगत. २२ जुलै २०२१ च्या दरडीमुळे जे नाव साऱ्या महाराष्ट्राला दुःखाने ठाऊक झालं, ते तळीये अशाच डोंगरकुशीतल्या गावांपैकी एक. असल्या गावचा माणूस भात, नाचणी, वरी स्वतः पिकवायचा आणि सरपण रानातून आणायचा. पण रॉकेल, कापड, काडेपेटी, साखर, कोयत्या-विळ्याचं लोखंड यांपैकी काहीच गावात होत नव्हतं, आणि त्यासाठी रोख पैसा लागे. जिल्हा तांदळाचा, मुंबईला भात पाठवणारा. पोटापुरतं पिकतं म्हणून हा प्रदेश युद्धापासून सुरक्षित, असा कुणाचाही समज व्हावा.

तो समज पहिल्यांदा रॉकेलने खोटा पाडला. हिंदुस्थानात जळणाऱ्या रॉकेलचा मोठा वाटा ब्रह्मदेशातून येई. तिथून दरसाल साधारण पंधरा लाख टन तांदूळही यायचा. देशाच्या एकूण खाण्यात हा वाटा लहान होता, पण बंदरांच्या शहरांना आणि किनारपट्टीला त्याचा मोठा आधार होता. रंगून पडताच दोन्ही आटले. तांदळाची तूट महाडला थेट जाणवली नाही. ती मुंबईतून फिरून आली, कारण ब्रह्मदेशाचा तांदूळ नाही म्हटल्यावर मुंबईची नजर कुलाबा जिल्ह्याच्या भाताकडे वळली. रॉकेलची तूट मात्र त्याच संध्याकाळी घरात आली. करंजेल आणि इतर कडू तेलं होती, त्यांच्या पणत्या पूर्वीपासून जळत आल्या होत्या, तेव्हा काय बिघडलं, असं कुणी म्हणेल. पण चिमणीच्या आणि कंदिलाच्या उजेडावर जेवणानंतरचे दोन-तीन तास उभे होते. दुकानाचा हिशोब, पोरांचा अभ्यास, बाळंतिणीची खोली, गुरांच्या गोठ्यातली रात्रीची फेरी या गोष्टी पणतीवर नीट होत नाहीत. एका पिढीत अंगवळणी पडलेली सोय काढून घेतली की माणूस जुन्या काळात परत जात नाही, तो अडून बसतो.

वाहतुकीचंही तसंच झालं. पेट्रोलवर १९४१ मध्येच नियंत्रण आलं होतं. मोटारींच्या मागे कोळशाची भट्टी बसवून तिच्या गॅसवर गाड्या चालवल्या जाऊ लागल्या, आणि घाटाघाटांच्या या मुलखात अशा गाड्या चढावर दमत. कोळशाची मागणी वाढली ती रानावर पडली. कापडाचा प्रश्न त्याहून अवघड होता. मुंबईच्या गिरण्या लष्करासाठी विणत होत्या, बाजारात धोतर-लुगड्याचे भाव चढले, आणि १९४३ च्या जूनमध्ये सरकारने कापड व सुताच्या नियंत्रणाचा हुकूम काढला. गरिबांसाठी ठरावीक दरात जाडंभरडं ‘स्टँडर्ड’ कापडही निघालं. धान्य कमी पडलं तर माणूस भाताची पेज करतो, नाचणीवर भागवतो, रानातला कंद खणतो. फाटलेल्या लुगड्याला असा पर्याय नसतो. घरात एकच धड लुगडं असेल तर बाजाराला कोण जाणार, पाण्याला कोण जाणार, हे त्या लुगड्यावर ठरतं. म्हणून कापडाची टंचाई बायकांनी जास्त सोसली, आणि युद्धाच्या इतिहासात तिचा उल्लेख सर्वांत कमी येतो.

आणि मग पैसा. चांदी वाचवण्यासाठी १९४० मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आणली गेली. त्याच वर्षी एक रुपयाची नोट आली. राणीछाप रुपया ३१ मार्च १९४१ नंतर चलनातून बाद झाला. ज्यांच्या गाडग्यात, कंबरेच्या कशात आणि पोरीच्या लग्नासाठी पुरलेल्या डब्यात राणीछाप रुपयेच होते, त्यांना हा केवढा धक्का असेल! मोडीची तर १९४२-४३ मध्ये इतकी ओढ लागली की देशभर दुकानदार सुट्ट्या पैशांऐवजी चिठ्ठ्या आणि पोस्टाची तिकिटं देऊ लागले. गरजेपेक्षा जास्त नाणी साठवणं गुन्हा ठरलं. १९४३ मध्ये तांब्याची बचत करणारा भोकाचा पैसा आला. आठवड्याच्या बाजारात पै-पैशाचा व्यवहार करणारी मिरच्या-भाजी विकणारी बाई या मोडीवरच अवलंबून असते. शंभराच्या नोटेची अडचण सावकाराला, पैशाची अडचण तिला.

या महागाईमागचं यंत्र समजून घेण्यासारखं आहे. ब्रिटन युद्धासाठी हिंदुस्थानातून माल उचलत होतं आणि त्याचे पैसे लंडनमध्ये स्टर्लिंगच्या रूपात हिंदुस्थानच्या नावावर जमा करत होतं. त्या जमेच्या आधारावर इथे रिझर्व्ह बँक नोटा छापत होती. माल बाहेर जात होता आणि नोटा इथे उरत होत्या. १९३९ च्या ऑगस्टमध्ये सुमारे १८० कोटी रुपयांच्या नोटा चलनात होत्या, १९४५ मध्ये तो आकडा अकराशे कोटींच्या वर गेला. १९४३ च्या ऑगस्टपासून त्या बँकेचे गव्हर्नर होते चिंतामणराव देशमुख, या पदावरचे पहिले भारतीय, आणि त्यांचा जन्म महाड तालुक्यातल्याच नाते गावचा. महाडच्या पेठेत फिरणाऱ्या नव्या नोटांवर तालुक्यातच जन्मलेल्या माणसाची सही होती. धोरण लंडन-दिल्लीचं होतं, त्याचा दोष देशमुखांच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. उलट १९४४ मध्ये ब्रेटन वुड्सच्या परिषदेत हिंदुस्थानच्या शिष्टमंडळाने अडकलेल्या या स्टर्लिंगचा प्रश्न मांडला, त्यात तेही होते. पण ते स्टर्लिंग लंडनच्या वहीत जमा असताना त्याची किंमत वाडीतलं लुगडं मोजत होतं, हे विसरता येत नाही.

इथे एक वजनदार आक्षेप येतो. भाव चढले तर भात विकणाऱ्या शेतकऱ्याचा फायदाच झाला असणार. युद्धाने खेड्यांतलं कर्ज फेडलं असं अनेक अभ्यासकांनी म्हटलंही आहे. ज्याच्याकडे विकायला भात उरत होतं त्याच्यापुरतं हे खरं आहे. महाडच्या भागात प्रश्न असा की ते कुणाकडे उरत होतं? हा खोतीचा मुलूख. कूळ पिकवायचं आणि खळ्यावरच खोताचा वाटा मोजला जायचा. कुलाबा जिल्ह्यात खोतीविरुद्ध चरीच्या शेतकऱ्यांचा दीर्घ संप १९३३ पासून चालला होता, डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं होतं, तरी युद्ध सुरू झालं तेव्हा खोती जागेवरच होती. खोताचा वाटा आणि सावकाराची फेड गेल्यावर कुळाच्या कणगीत जे उरे ते आषाढापर्यंतही पुरेल याची खात्री नसे, मग तोच माणूस चढ्या भावाने धान्य विकत घेणारा होई. भाववाढीचा नफा खोताला आणि व्यापाऱ्याला झाला, तिची झळ कुळाला आणि मजुराला बसली. दोघेही एकाच गावात राहत, म्हणून गावाच्या सरासरीवरून यातलं काही कळत नाही.

दुसरा आधार होता मनीऑर्डरचा. महाड तालुक्यातलं फौजी आंबवडे तर पिढ्यानपिढ्या जवान देणारं गाव म्हणूनच ओळखलं जातं, आणि शेजारच्या माणगाव तालुक्यातले यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत लढताना पडले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. १९४१ मध्ये महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली, तेव्हा कोकणातल्या महार तरुणांना दोन दशकांनी फौजेचं दार उघडलं. चवदार तळ्याच्या महाडात या गोष्टीचं मोल निव्वळ पगारात मोजता येणार नाही. पोस्टमनच्या पिशवीतून आलेला तो पैसा खरा होता आणि त्याने कित्येक घरं तगली. पण पैसा आला म्हणजे माल आला असं नाही. पैसे घेऊन पेठेत आलेल्या बाईला रॉकेल नाही, कापड उद्या या, असं सांगितलं गेलं की मनीऑर्डरचं मोल तिथेच अर्ध्यावर येतं. शिवाय त्याच मनीऑर्डरने घर एका गोष्टीसाठी रोज धसकत असे. पैसे यायचे थांबले तर?

म्हणून बातमी आणि बाजार या दोन वेगळ्या गोष्टी राहिल्या नाहीत. कागदाच्या आयातीवर गदा आल्याने वर्तमानपत्रांची पानं कमी झाली होती, आणि भारत संरक्षण नियमांखाली मजकुरावर पहारा होता. जिल्ह्यात १९३७ पासून नारायण नागू पाटलांचं ‘कृषीवल’ होतं, मुंबई-पुण्याची पत्रं उशिरा का होईना पोचत, पण लोकांना हवी असलेली बातमी त्यांत असेलच असं नव्हतं. १९४४ च्या १४ एप्रिलचंच पाहा. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजावरच्या दारूगोळ्याचा स्फोट झाला, शेकडो माणसं गेली, आसपासच्या गोदामांतलं धान्य जळलं. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने दुसऱ्याच दिवशी ती बातमी जगाला सांगितली; इथल्या पत्रांना सविस्तर छापायची परवानगी मिळाली ती मे महिन्यात. मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत कोकणची माणसं भरलेली. त्यांच्या घरच्यांनी ते आठवडे कशाच्या भरवशावर काढायचे? मुंबईहून आलेल्या माणसाच्या तोंडी सांगण्यावर आणि पेठेतल्या भावावर. सरकार याला अफवा म्हणे, आणि अफवा पसरवणाऱ्यांना शिक्षा करी. अफवांत खोटं पुष्कळ असे, ते घातकही असे. पण छापील बातमी अडवून ठेवल्यावर माणूस दुकानातल्या रिकाम्या डब्याकडे पाहूनच अंदाज बांधणार, आणि तो अंदाज अनेकदा सरकारी पत्रकापेक्षा खऱ्याच्या जवळ असे.

याच काळात, १० सप्टेंबर १९४२ रोजी, नाना पुरोहितांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचा मोर्चा महाडच्या कचेरीवर चालून आला आणि गोळीबारात माणसं हुतात्मा झाली. हा मोर्चा टंचाईने पेटवला असं म्हणण्याचा मोह आवरायला हवा. तो ‘चले जाव’चा मोर्चा होता, लोक स्वातंत्र्यासाठी आले होते, आणि धान्याची सक्तीची वसुली तर पुढची गोष्ट. भुकेने सगळं समजावून सांगणं हा त्या माणसांच्या राजकीय समजेचा अपमान ठरेल. एवढं मात्र म्हणता येतं की ज्या कचेरीवर ते आले ती त्यांच्या रोजच्या जगण्यापासून दूर राहिलेली नव्हती. लहान गावात सरकार म्हणजे कचेरी, आणि युद्धाने तिला सारावसुलीच्या पलीकडे नेऊन दुकानाच्या दारात उभं केलं होतं.

सरकारने रेशन सुरू केलं ते मात्र आधी शहरांत. मुंबईत २ मे १९४३ रोजी रेशन आलं. त्याच वर्षी ग्रेगरी समितीने लाखावर वस्तीच्या शहरांना रेशन द्या म्हणून सांगितलं, आणि महाडची वस्ती लाखाच्या जवळपासही नव्हती. शहरांना धान्य हमखास मिळावं म्हणून खेड्यांतून ते उचलायचं, असा या योजनेचा गाभा होता. शेतकऱ्यांवर बसलेली लेव्ही तिथूनच आली. मुंबईत गिरण्या चालत होत्या, तिथे उपासमार झाली असती तर बंगालच्या दुष्काळासारखाच अनर्थ झाला असता, त्यामुळे शहराला प्राधान्य देणं समजू शकतं. मुंबई प्रांताने पुढे लहान गावांतही रेशन नेलं, हेही त्याच्या बाजूने नोंदवलं पाहिजे. तरी क्रम असा होता की गावाने आधी द्यायचं आणि मग रांगेत उभं राहायचं.

कंट्रोलमुळेच काळाबाजार फोफावला, नियंत्रण नसतं तर माल आपोआप आला असता, असं तेव्हा अनेक जण म्हणत आणि आजही म्हणतात. हे तपासून पाहण्याची संधी देशाला लगेच मिळाली. १९४७ च्या डिसेंबरात, गांधीजींच्या आग्रहाने, धान्यावरचं नियंत्रण उठवायला सुरुवात झाली. भाव भराभर चढले आणि १९४८ च्या उत्तरार्धात नियंत्रण परत आणावं लागलं. व्यापाऱ्यांची साठेबाजी आणि अधिकाऱ्यांची लाचखोरी दोन्ही खऱ्या होत्या, पण त्या मालाच्या तुटीवर पोसलेल्या होत्या, आणि तूट कागद फाडल्याने भरत नाही. महाड-पोलादपूरच्या कुळाला त्यानंतर जे मिळालं ते वेगळ्याच बाजूने आलं. १९४९ मध्ये मुंबई राज्याने खोती नष्ट करणारा कायदा केला, आणि खळ्यावरचं भात कुणाच्या कणगीत जाणार या प्रश्नाचं उत्तर निदान कायद्यात तरी बदललं. पुढच्या महागाईला तोंड देताना या डोंगरातल्या घराला रेशनकार्डाइतकाच या बदलाचा आधार होता.